परत आलं का? उच्च दाबाच्या प्रकल्पाच्या नोंदी

3 जुलै 2023

आजपासून ही वही. एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. विषय एका वाक्यात: तापमान खोलीचंच ठेवून नुसता दाब वाढवत न्यायचा आणि ओळखीच्या पदार्थांचं काय होतं ते पाहायचं.

मॅडमनी आज दाब देण्याचा सेल हातात दिला. तळहातावर मावतो. आत दोन हिरे टोकाला टोक लावून बसवलेले, प्रत्येकाचं टोक घासून अर्ध्या मिलिमीटरचा सपाट भाग केलेला. त्याला क्युलेट म्हणतात. मला मात्र 'ऐरण' हाच शब्द आवडतो, कारण काम तेच आहे, फक्त घण नाही. चार स्क्रू, आणि ते अ‍ॅलन की घेऊन हाताने पिळायचे.

हाताने पिळून एवढा दाब कसा येणार हे पटेना, म्हणून हिशोब केला. अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ 0.196 चौरस मिलिमीटर. त्यावर 10 गिगापास्कल हवे असतील तर सुमारे 2,000 न्यूटन बल लागतं, म्हणजे साधारण 200 किलोचं ओझं. सिमेंटच्या चार पोत्यांइतकं बल, पण मोहरीच्या दाण्याहून लहान जागेवर. 1 गिगापास्कल म्हणजे जवळजवळ 10,000 वातावरणं. समुद्राच्या सर्वांत खोल तळाशी, मरियाना गर्तेत, याच्या जेमतेम नवव्या हिश्शाइतका दाब असतो.

मॅडमनी नोंदीच्या तक्त्यात एक रकाना जास्तीचा काढायला लावला: 'परत आलं का?' म्हणजे दाब काढून घेतल्यावर पदार्थ होता तसा झाला का. म्हणाल्या, "दाबाखाली काय झालं हे सगळेच लिहितात. सोडल्यावर काय झालं ते लिहायला विसरायचं नाही."

11 जुलै

दोन्ही ऐरणी समांतर आणण्यातच दिवस गेला. हिरे एकमेकांना अलगद टेकवले की मधल्या हवेच्या फटीत रंगीत पट्टे दिसतात. जितके पट्टे जास्त, तितका कल जास्त. तिरपेपणा काढत काढत पट्टे रुंद करायचे आणि शेवटी सगळीभर एकच रंग यायला हवा. धुळीचा एक कण बसला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी पावणेसातला एकसारखा फिकट राखाडी आला. मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, मान हलवली आणि न बोलता गेल्या. माझ्यासाठी ते पुरेसं होतं.

20 जुलै

गॅस्केट. दोन हिऱ्यांच्या मध्ये स्टेनलेस स्टीलचा पाव मिलिमीटर जाड पत्रा ठेवायचा, तो हिऱ्यांनीच दाबून 70 मायक्रॉनवर आणायचा आणि त्या खळग्याच्या बरोबर मध्यात 200 मायक्रॉनचं भोक पाडायचं. नमुना त्या भोकात राहतो. आकारमान काढलं: दोन नॅनोलीटरच्या आसपास. पाण्याच्या एका थेंबात असे हजारो नमुने बसतील.

वर्कशॉपमधले काका ठिणगीच्या यंत्रावर भोकं पाडून देतात. मी घाईने खूण थोडी बाजूला केली होती. काकांनी विचारलंही होतं, "मध्यात आहे ना पक्कं?" मी हो म्हणालो. चूक माझीच. 2 गिगापास्कलच्या आतच भोक एका बाजूला सरकत गेलं, लांबट झालं, आणि आतला द्रव निसटला. दाब शून्यावर. काकांना जाऊन सांगितलं. त्यांनी दुसरा पत्रा काढला आणि या वेळी खूण स्वतः भिंगाखाली तपासली.

रकाना: गॅस्केट परत येत नाही. स्टील वाहिलं ते वाहिलं.

2 ऑगस्ट

आज पाणी. साधं डिस्टिल्ड पाणी, सोबत माणकाचे दोन बारीक कण.

माणिक हा आपला दाबमापक. त्यावर हिरवा लेसर टाकला की ते लाल उजळतं, आणि त्या प्रकाशात 694.2 नॅनोमीटरला एक टोकदार रेषा असते. दर गिगापास्कलला ती 0.365 नॅनोमीटरने तांबड्याकडे सरकते. ही युक्ती 1972 सालची, वॉशिंग्टनजवळच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधली. हिऱ्याचा सेलही तिथलाच, 1950च्या दशकाच्या शेवटचा. तेव्हा संशोधकांना हिरे मिळाले ते सरकारने तस्करांकडून जप्त केलेल्या मालातून. त्याआधी हार्वर्डमध्ये पर्सी ब्रिजमन यांनी आयुष्यभर उच्च दाबावर काम केलं, त्यांना 1946चं नोबेलही मिळालं, पण त्यांचं उपकरण म्हणजे पोलादाचा बंद ठोकळा. आत काय चाललंय ते दट्ट्या किती सरकला, विद्युतरोध किती बदलला यावरून ओळखायचं. हिरा पारदर्शक. खिडकीही तोच आणि घणही तोच.

तापमान 25 अंश. 0.9 गिगापास्कलपर्यंत काही नाही. 1.0 ला गोठायला हवं होतं, नाही गोठलं. स्क्रू अगदी नखभर फिरवला आणि डोळ्यासमोर सगळी खोली एका क्षणात दाणेदार, काळपट झाली. मी खुर्चीवरून उठलोच. पाणी गोठलं होतं, खोलीच्या तापमानाला, हातात धरलेल्या सेलमध्ये. गंमत म्हणजे माणकाने दाब आधीपेक्षा कमी दाखवला. बरोबर आहे: हा बर्फ पाण्यापेक्षा घन, तो कमी जागा घेतो, म्हणून कोंडलेल्या जागेत दाब थोडा उतरतो.

मग स्क्रू सैल करत सगळं वितळू दिलं, शेवटचा एक स्फटिक उरेपर्यंत. आणि पुन्हा हळूहळू दाब. तो एकटा स्फटिक वाढत गेला, सरळ कडांचा, काचेत काच असावी इतका फिकट. हा बर्फ-6. आपल्या फ्रीजमधला बर्फ पाण्यावर तरंगतो, हा पाण्यात बुडतो. सेल उभा धरून पाहिला, स्फटिक खरंच खाली घसरला. हे वाचलेलं होतं. पाहिल्यावर वेगळंच वाटतं.

2.2 च्या आसपास बर्फ-7. यात हायड्रोजन बंधांची दोन जाळी एकमेकांत गुंफलेली असतात. एकाच्या पोकळ्यांत दुसरं बसतं, पण दोन्ही एकमेकांना बंधाने जोडलेली नसतात. दाबाला जागा हवी असते. बंध तोडणं महाग, पोकळी भरणं स्वस्त. म्हणून आधी पोकळ्या जातात.

दाब सोडला. बर्फ, मग पाणी. रकाना: परत आलं.

3 ऑगस्ट

कालच्या नोंदीला पुरवणी. बर्फ-7 नेहमीच परत येतो असं नाही. 2018 मध्ये पृथ्वीच्या कवचाखालच्या खोल प्रावरणातून आलेल्या नैसर्गिक हिऱ्यांच्या पोटात बर्फ-7 सापडला. हिरा वर आला, भोवतालचा दाब गेला, पण हिऱ्याने आतल्या पाण्याला सुटू दिलं नाही. म्हणजे पाण्याने त्या हिऱ्यात तेच केलं जे माझ्या सेलमध्ये करतं, फक्त तिथे स्क्रू सैल करणारं कुणी नव्हतं.

आणि स्वतः हिराही परत न आलेलाच आहे. खोलीच्या दाबाला कार्बनचं स्थिर रूप ग्रॅफाइट. हिऱ्याला परतायचा रस्ता आहे, पण तो रस्ता चढायला लागणारी ऊर्जा या तापमानाला मिळत नाही.

24 ऑगस्ट

तीन दिवस दाब आपोआप 0.1 गिगापास्कलने वर-खाली होत होता. गॅस्केट गळतंय असं धरून मी दोनदा सेल उघडला. कारण निघालं खोलीचं वातानुकूलन. माणकाची रेषा तापमानानेही सरकते, अंशाला साधारण 0.007 नॅनोमीटर. दुपारी एसी बंद, खोली 31 अंशांवर, सहा अंशांचा फरक म्हणजे 0.04 नॅनोमीटर, म्हणजेच 0.1 गिगापास्कलपेक्षा किंचित जास्त. यापुढे प्रत्येक मोजणीशेजारी तापमान लिहिणार. सेलमध्ये भरलेले दोन चांगले नमुने फुकट गेले याचं वाईट वाटतं.

6 सप्टेंबर

कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज. पारदर्शक स्फटिकाचा कापलेला तुकडा, मिथेनॉल आणि इथेनॉलच्या 4:1 मिश्रणात. हे मिश्रण सुमारे 10 गिगापास्कलपर्यंत द्रवासारखं वागतं, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखा दाब देतं.

1.5 गिगापास्कलला स्वच्छ तुकड्यात एकदम समांतर रेघा उमटल्या. कॅल्साइट-1 चं कॅल्साइट-2 झालं. ब्रिजमन यांनी हे 1939 मध्ये दट्ट्याच्या उडीवरून ओळखलं होतं. दाब 2 च्या पुढे नेला, तुकडा आणखी बदलला, रामन वर्णपटात (विखुरलेल्या लेसर प्रकाशावरून रचना ओळखायची पद्धत) नवी शिखरं आली. मग सोडला.

रेघा गेल्या नाहीत.

पुस्तकात हा बदल पूर्ण परतणारा आहे. रामन वर्णपटही जुन्या कॅल्साइटचाच दिसतोय. तरी रेघा तिथेच. रकान्यात काय लिहू?

8 सप्टेंबर

मॅडमना फोटो दाखवले. त्यांनी लोड करतानाचे फोटो मागितले, दाबाखालचे नाही. मग विचारलं, "तुकड्याची जाडी मोजली होतीस?" नव्हती मोजली. मोजली तेव्हा जवळजवळ 60 मायक्रॉन निघाली. दाब वाढल्यावर गॅस्केट 70 वरून खाली आलं, आणि तुकडा दोन्ही हिऱ्यांना टेकला. त्या क्षणी द्रवाचं काम संपलं. हिऱ्याने स्फटिकाला थेट चेपलं, एका दिशेने.

कॅल्साइट दिशेने चेपलं की त्याच्या थरांत जुळे स्फटिक तयार होतात. चाकूच्या पात्याने नुसतं दाबलं तरी होतात. ते परत जात नाहीत.

पुन्हा केलं, तुकडा घासून 25 मायक्रॉनवर आणून. 1.5 ला रेघा आल्या, दाब उतरवला, रेघा मिटल्या, तुकडा होता तसा स्वच्छ. दोन्ही प्रयोगांत माणकाने तेच आकडे दाखवले होते.

मला वाटतं या प्रकल्पात आतापर्यंत शिकलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. 'किती दाब' एवढं विचारून भागत नाही. सगळीकडून की एका बाजूने, हे विचारावं लागतं. मला आता आठवतंय ते समॅरियम सल्फाइड. 1970 मध्ये अमेरिकेत बेल लॅबमध्ये ए. जयरामन यांच्या गटाने दाखवलं की काळा समॅरियम सल्फाइड 0.65 गिगापास्कलला सोनेरी धातू होतो. (जयरामन बंगळूरमध्ये रामन यांच्या हाताखाली तयार झालेले.) दाब काढला की पुन्हा काळा. पण त्याचा पृष्ठभाग नुसता घासून पॉलिश केला तर तो सोनेरी होतो आणि सोनेरीच राहतो, तापवेपर्यंत. घासण्यात दिशा असते.

3 ऑक्टोबर

गणपतीत काम थांबलं होतं. आज वाचन आणि हिशोब.

कॅल्साइटला एक प्रश्न उरतोच. अ‍ॅरागोनाइट हे त्याच रसायनाचं जास्त घन रूप, घनता 2.93, कॅल्साइटची 2.71. एका मोलमागे सुमारे 2.8 घन सेंटिमीटर जागा वाचते. 1 गिगापास्कल गुणिले 1 घन सेंटिमीटर म्हणजे बरोबर 1 किलोज्यूल, त्यामुळे हा हिशोब बोटांवर होतो. खोलीच्या दाबाला कॅल्साइट जेमतेम 1 किलोज्यूलने वरचढ आहे, म्हणजे अर्ध्या गिगापास्कलच्याही आत अ‍ॅरागोनाइटने जिंकायला हवं. मग माझ्या तुकड्याचं 1.5 ला अ‍ॅरागोनाइट का झालं नाही? कारण कार्बोनेट गटांना आणि कॅल्शियमला नव्या रचनेत जायला जुने बंध सोडून जागा बदलावी लागते, आणि 25 अंशांत ती ताकद नाही. कॅल्साइट-2 ला नुसतं थोडं वळावं लागतं. म्हणून तो जवळचा रस्ता धरतो. उलट बाजूने पाहिलं तर शिंपल्याच्या आतला चमकता थर अ‍ॅरागोनाइटचा असतो, आणि तो आपल्या हवेत निवांत टिकतो.

हाच हिशोब पुढे नेला की रसायनशास्त्र कुठे बदलायला लागतं ते कळतं. 5 गिगापास्कलला एका मोलमागे 2-3 घन सेंटिमीटर आकसलं तर 10-15 किलोज्यूल. हायड्रोजन बंधाच्या मापाचं, रेणू एकमेकांजवळ सरकवायला पुरेसं. 150-200 गिगापास्कलला तेवढ्याच आकसण्याचे शेकडो किलोज्यूल होतात, म्हणजे खऱ्या रासायनिक बंधांच्या तोडीचे. तिथे आपली शाळेतली संयुजा कोलमडते. 10 गिगापास्कलला ऑक्सिजनचा लाल स्फटिक होतो, त्यात आठ-आठ अणूंचे पुंजके असतात. 2013 मध्ये दाबाखाली मीठ आणि सोडियम यांच्यापासून एका क्लोरीनला तीन सोडियम असलेलं संयुग बनवून दाखवलं. सोडियम 200 गिगापास्कलला धातूपण सोडून पारदर्शक होतो. सल्फरचा हायड्राइड, ज्यात एका गंधकाला तीन हायड्रोजन, 150 गिगापास्कलच्या पुढे 203 केल्विनला अतिसंवाहक झाला, म्हणजे त्याचा विद्युतरोध शून्य झाला. यातलं पहिलं सोडलं तर माझ्या ऐरणींच्या आवाक्यात काहीच नाही. पण आता हे नुसते चमत्कार वाटत नाहीत, गुणाकार वाटतो.

12 ऑक्टोबर

निकेल आणि डायमिथाइल ग्लायॉक्सिम या अभिकर्मकाचं संयुग. बी.एस्सी.ला निकेलची भारात्मक चाचणी केलेला प्रत्येक जण हा लाल साका ओळखतो. गरम द्रावण, अभिकर्मक, मग अमोनिया थेंब-थेंब, आणि बीकरभर कुंकवासारखा फुललेला साका. G4 क्रुसिबलमध्ये गाळायचा, 110 अंशांना वाळवायचा, वजनाला 0.2032 ने गुणायचं. तीन वर्षांपूर्वी मी त्याला फक्त वजन समजत होतो.

हा लाल रंग कुठून येतो ते आता समजतं. रेणू सपाट आहेत आणि एकावर एक रचलेले, निकेलवर निकेल, मधलं अंतर सुमारे 3.25 अँगस्ट्रॉम. एका निकेलची कक्षिका वरच्या आणि खालच्या निकेलकडे तोंड करून असते. अंतर कमी झालं की त्यांची सरमिसळ वाढते, इलेक्ट्रॉनला उडी मारायला कमी ऊर्जा पुरते, आणि शोषणाचा पट्टा हिरव्याकडून पिवळ्या-तांबड्याकडे सरकतो. इलिनॉय विद्यापीठात ड्रिकॅमर यांनी 1960 मध्ये हे मोजलं होतं.

मद्यार्कात हा साका थोडा विरघळतो. (भारात्मक चाचणीत अभिकर्मक जास्त घालू नका म्हणतात ते याचसाठी.) म्हणून सिलिकॉन तेल वापरलं.

1 नंतर लाल गडद झाला. 2 ला किरमिजी. 3 च्या पुढे नि:संशय जांभळा. त्याच रेणूचा, एकही अणू न बदलता. मी बराच वेळ नुसता पाहत बसलो.

4 च्या पुढे दोन माणकांचे आकडे जुळेनात, रेषाही जाड झाल्या. तेल घट्ट झालं, दाब सारखा राहिला नाही. थांबलो.

सोडताना जांभळा, किरमिजी, लाल. त्याच क्रमाने उलटा. रकाना: परत आलं. पट्टाही जुन्या जागी.

14 नोव्हेंबर, मेहकर

दिवाळीला घरी. पाडवा. बाबांना म्हटलं, लोणारला जाऊन येऊ. लहानपणी सहलीला शंभरदा गेलोय, पण तेव्हा तळं पाहिलं होतं, दगड नाही.

1.8 किलोमीटरचा खड्डा, बेसाल्टमध्ये. बेसाल्टमधली उल्काविवरं पृथ्वीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. वय सुमारे 5.7 लाख वर्षं. तिथल्या आघात झालेल्या बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या खनिजाची काच झालेली आहे. तिला मास्केलिनाइट म्हणतात, आणि ती पहिल्यांदा ओळखली गेली तीही आपल्याकडच्याच दगडात: 1865 मध्ये बिहारमध्ये शेरघाटीला पडलेल्या उल्केत. ती उल्का मंगळावरून आलेली.

ही काच वितळून झालेली नाही. स्फटिकाच्या कडा, त्याचा आकार जागच्या जागी. आतली रचना मात्र गेलेली. साधारण 25-30 गिगापास्कलच्या पुढचा आघात, आणि तो सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरता.

काही उचललं नाही. अभयारण्य आहे, रामसर स्थळही आहे. काठावर उभं राहून बाबांना हे सगळं सांगितलं. बाबांनी विचारलं, "मग दाब गेल्यावर ते पुन्हा पहिल्यासारखं का नाही झालं?" माझ्या वहीतलाच प्रश्न, त्यांनी वही न पाहता विचारलेला. मी कॅल्साइटच्या रेघांपासून सुरुवात केली.

28 नोव्हेंबर

भूशास्त्र विभागातल्या जुन्या कपाटात लोणारची एक पातळ चकती आहे, मॅडमच्या ओळखीने पाहायला मिळाली. आडव्या-उभ्या ध्रुवकांखाली साध्या बेसाल्टमधलं प्लॅजिओक्लेज काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी चमकतं, चकती फिरवली की पट्टे आळीपाळीने उजळतात. लोणारच्या चकतीत तशाच लांबट चौकटी आहेत, पण पूर्ण काळ्या. कितीही फिरवा, काळ्याच. घर उभं, आत कुणी नाही.

8 डिसेंबर

प्रश्न ठरला. प्लॅजिओक्लेज हिऱ्याच्या सेलमध्ये सावकाश दाबलं तर त्याची काच किती दाबाला होते, आणि द्रवात बुडवलेल्या कणाची आणि थेट चेपलेल्या कणाची काच वेगवेगळ्या दाबाला होते का. मॅडम म्हणाल्या प्रकल्पाच्या वेळात पूर्ण होणार नाही, पण सुरू करायला हरकत नाही. क्ष-किरणांसाठी इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र) वेळ मागावी लागेल, त्याचा अर्ज पुढच्या तुकडीच्या नावाने जाईल. मला चालेल.

अर्धा मिलिमीटरच्या ऐरणी 30 गिगापास्कलला उपयोगाच्या नाहीत. 0.3 मिलिमीटरच्या आज मिळाल्या. काकांना नवं माप दिलं: गॅस्केट 40 मायक्रॉनपर्यंत दाबलेलं, भोक 100 मायक्रॉन. मध्यखूण मी भिंगाखाली तीनदा तपासून दिली, काकांनी चौथ्यांदा तपासली. कण 15 मायक्रॉनपेक्षा जाड घ्यायचा नाही, लोड करण्याआधी जाडी वहीत लिहायची.